पाच फूट बाय आठ फुटांच्या मिश्र माध्यमासाठी कागद कोणता घ्यावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पाच फूट बाय आठ फुटांची चार उभी चित्रं करायची आहेत. आधी कोळशाचं रेखाटन, त्यावर शाई आणि पातळ अ‍ॅक्रिलिकचे वॉश (पाणीदार थर), मग आजोबांच्या दुकानातल्या रोजकीर्द-खतावणीची पानं आणि आजीच्या सुती लुगड्याचे तुकडे चिकटवायचे, शेवटी पुन्हा कोळसा आणि कुठे कुठे ऑइल पेस्टल. काम रत्नागिरीला घरी होणार, प्रदर्शन मुंबईत. दुकानदार म्हणतो सगळ्यात जाड कागद घ्या, मित्र म्हणतो कागदाच्या फंदात पडू नका, सरळ कॅनव्हास घ्या. तुम्हाला एका कागदाचं नाव हवं आहे.

नाव देते, पण जरा पुढे. एवढ्या आकारात कागद निवडायचा तो उलट्या टोकाकडून. चित्र भिंतीवर कसं लागणार, घराच्या दारातून आणि जिन्यावरून कसं बाहेर पडणार, पावसाळ्याचे चार महिने कुठे राहणार, एवढं ठरलं की निम्मे कागद आपोआप बाद होतात. एका इंपिरियल शीटच्या, म्हणजे २२ बाय ३० इंचांच्या चित्राला हे प्रश्न पडत नाहीत. कागद आवडला, घेतला, काम सुरू. आठ फुटांच्या चित्राचं तसं नाही.

आधी कॅनव्हासचा मुद्दा. सगळा पृष्ठभाग जाड अ‍ॅक्रिलिकने झाकला जाणार असेल तर तुमच्या मित्राचं बरोबर आहे. रंगाखाली पूर्ण दडणाऱ्या कागदावर पैसे आणि जीव खर्च करू नये. पण तुमच्या वर्णनावरून चित्रात निम्मी जागा तरी उघडी राहणार आहे. जेसो (रंगाआधीचा पांढरा अस्तराचा हात) दिलेल्या कॅनव्हासवर शाई वरच्यावर राहते आणि कोळसा विणीच्या उंचवट्यांवर अडकतो. कागदात शाई तंतूंत शिरते, तिची कडा मऊ होते. कोळसा बोटाने आत दाबता येतो, खोडरबराने त्यातून उजेड परत काढता येतो. तुमची सुरुवात आणि शेवट दोन्ही कोळशात आहेत, त्यामुळे कागदच घ्या. ऐकून घ्यायचं ते दुकानदाराचंही अर्धंच.

आता पाणी. मोठ्या कागदाची बहुतेक दुखणी इथूनच सुरू होतात. सेल्युलोजचा तंतू ओला झाला की जाडीने फुगतो, लांबीने फारसा वाढत नाही. यंत्रावर बनलेल्या कागदात बहुतेक तंतू यंत्राच्या धावेच्या दिशेने पडलेले असतात, म्हणून असा कागद भिजल्यावर धावेला आडवा पसरतो. रोलमध्ये ही धाव लांबीच्या दिशेने असते, म्हणजे वाढ येते ती रुंदीत. सिलिंडर साच्यावर बनणाऱ्या मोल्डमेड कागदात दोन दिशांमधला फरक कमी असतो. हाताने उचललेल्या कागदात तो जवळपास नसतो, कारण कारागीर लगदा उचलताना साचा दोन्ही दिशांना हलवून तंतू सगळीकडे पसरवतो.

हे तुमच्या टेबलावर मोजून पाहता येतं, आणि रोल मागवण्याआधी ते कराच. कागदाचा फूटभर तुकडा घ्या. टोकदार पेन्सिलने उभ्या आणि आडव्या दोन्ही दिशांना बरोबर ३०० मिलिमीटरच्या अंतरावर बारीक खुणा करा. तुकडा १० मिनिटं पाण्यात बुडवून ठेवा, निथळू द्या, काचेवर सपाट पसरा आणि स्टीलच्या पट्टीने पुन्हा मोजा. समजा एका दिशेला ३०१ आलं आणि दुसरीला ३०५. फूटभरात पाच मिलिमीटर काहीच वाटत नाही. पण हाच कागद पाच फूट रुंद झाला की वाढ होते २५ मिलिमीटर. म्हणजे भिजलेल्या चित्रात एक इंच जास्तीचा कागद तयार झाला आणि कडा पिनांनी धरलेल्या असल्यामुळे त्याला जायला जागा नाही. तो लाटा होऊन उठतो. लाटेच्या खोलगटात शाई साचते, उंचवटा आधी वाळतो, आणि तुम्ही कधीच न काढलेले उभे पट्टे चित्रात उमटतात.

तुकडा पूर्ण वाळला की तिसऱ्यांदा मोजा. पुष्कळदा तो मूळ मापापेक्षा किंचित आखडलेला दिसतो. कारखान्यात ताणून वाळवताना कागदात जो ताण राहून जातो, तो पहिल्या भिजण्यात सुटतो. म्हणून मोठा कागद कामाला घेण्याआधी एकदा दोन्ही बाजूंनी स्पंजने ओला करून मोकळा वाळू द्यावा. चित्र काढताना पुढच्या प्रत्येक वॉशला त्याची हालचाल थोडी शांत होते. यात एक दिवस जातो, पण तो वाचवू नका.

त्याच तुकड्यावर बाकीच्या परीक्षाही होतात. अर्ध्या भागावर कोळसा दाबून घासा, खोडा, पुन्हा घासा. मग ओल्या ब्रशने रगडा. पृष्ठभागाच्या बारीक गोळ्या सुटायला लागल्या तर तो कागद तुमच्या कामाचा नाही, कारण तुम्ही एकाच जागी चार-पाच वेळा येणार आहात. मास्किंग टेप लावून ओढा आणि टेपच्या पोटावर किती तंतू आले ते पाहा. पाण्याचा एक थेंब टाका. तो मिनिटभर वर बसून राहिला तर साइझिंग, म्हणजे कागदाचं शोषण रोखणारा लेप, शाबूत आहे. टाकल्या टाकल्या आत ओढला गेला, तर शाईचा वॉशही तसाच ओढला जाईल आणि ब्रशची हालचाल तुमच्या हातात राहणार नाही.

साइझिंगबद्दल दोन शब्द जास्त, कारण तुम्ही कोकणात आहात. जलरंगाच्या चांगल्या कागदांवर वरून जिलेटिनचा हात दिलेला असतो. इटलीतल्या फाब्रियानो गावात तेराव्या शतकात ही रीत रुळली आणि आजही तिच्यासारखा पृष्ठभाग दुसऱ्या कशाने मिळत नाही, असं माझं मत आहे. पण जिलेटिन हे बुरशीचं आवडतं खाद्य आहे. हवेतली आर्द्रता बराच काळ ७० टक्क्यांच्या वर राहिली की बुरशी धरायला सुरुवात होते, आणि रत्नागिरीत जून ते सप्टेंबर ती त्याहून बरीच वर असते. एक-दोन पावसाळे उघड्यावर पडलेल्या कागदाचं साइझ जागोजागी मेलेलं असतं. कोरडा असताना तो अगदी स्वच्छ दिसतो. वॉश टाकला की नाण्याएवढे गडद डाग उठतात आणि ते कशानेही जात नाहीत. तेव्हा दुकानात कोपऱ्यात उभा असलेला, अर्धा वापरलेला रोल स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका. नवा रोल सप्टेंबरनंतर मागवा आणि पाण्याची सगळी कामं मेपर्यंत उरका.

तंतूंबद्दल. कागद १०० टक्के कॉटनच हवा, यात तडजोड सुचवणार नाही. लाकडाच्या साध्या लगद्यातलं लिग्निन उजेडात पिवळं पडतं आणि आम्ल सोडतं. लिग्निन काढून टाकलेला, आम्लरहित, अल्फा सेल्युलोजचा कागद पिवळा पडत नाही, पण सतत भिजवणं आणि घासणं तो कॉटनइतकं सोसत नाही. कॉटनमध्येही दोन जाती आहेत. सरकीला चिकटून राहणाऱ्या आखूड तंतूंपासून बनतो तो लिंटरचा कागद. तो मऊ आणि सपाट असतो, पण फाटायला हलका. कापडाच्या चिंध्यांपासून बनतो तो रॅग. आपल्याकडच्या हातकागदात मुख्यतः होजिअरीची कात्रणं जातात. त्यांचे तंतू लांब असतात, म्हणून त्या कागदाला ओला असतानाही ताकद असते. तुमच्यासारख्या कापड चिकटवणाऱ्या कामाला रॅग जास्त मानवतो.

आता दुकानदाराचं ‘सगळ्यात जाड’. पाच बाय आठ फूट म्हणजे ३.७ चौरस मीटर. ३०० जीएसएमला (चौरस मीटरला ३०० ग्रॅम) कोऱ्या कागदाचं वजन होतं १.१ किलो, ६४० जीएसएमला २.४ किलो. त्यावर रंग, मीडियम, कापड आणि खळ. ६४० चा कागद लाटा कमी धरतो हे खरं, पण तो गुंडाळला की मोडतो, घडी पडते आणि कोळशाखालची घडी कायम दिसते. म्हणजे आठ फुटांचं चित्र सपाटच न्यावं लागणार. तुमच्या जिन्याच्या वळणावर पाच बाय आठ फुटांची फळी वळते का, ते आज पट्टी घेऊन मोजा. बहुतेक घरांत वळत नाही. म्हणून एकसंध चित्राला ३०० जीएसएम, आणि जाडी हवीच असेल तर लहान शीटांमध्ये. माझ्या सगळ्या उत्तराचा गाभा हाच आहे.

एकसंध कागदात तुमच्यासमोर खरे पर्याय मोजकेच आहेत, आणि ते रुंदीवरून ठरतात. फ्रान्सच्या आर्शच्या जलरंग रोलची रुंदी ११३ किंवा १३० सेंटिमीटर आणि लांबी ९.१५ मीटर. फाब्रियानो आर्टिस्टिकोचा रोल १४० सेंटिमीटर बाय १० मीटर. इंग्लंडमधल्या सेंट कथबर्ट्स मिलचा सॉन्डर्स वॉटरफर्ड १५२ सेंटिमीटर बाय १० मीटर. तुमचे पाच फूट म्हणजे १५२.४ सेंटिमीटर. वॉटरफर्ड जेमतेम पुरतो, कडा कापायला काहीच उरत नाही. आणि कडेची बोटभर पट्टी पिना, टेप आणि हाताळणी यांत खराब होणारच. म्हणून मी रुंदी कमी करायला सांगेन. वॉटरफर्डवर साधारण चार फूट दहा इंच, आर्टिस्टिकोवर चार फूट सहा इंच धरा. पाच फुटांवर तुमचा जीव अडला नसेल तर हे दोन ते सहा इंच सोडून देण्यात शहाणपण आहे.

लांबीचंही गणित करा. आठ फूट म्हणजे २.४४ मीटर. १० मीटरच्या रोलमधून चार तुकडे निघतात आणि जेमतेम वीतभर उरते. ९.१५ मीटरच्या रोलमधून तीनच निघतात, पण पावणेदोन मीटरहून जास्त कागद चाचण्यांना राहतो. एवढ्या महागड्या कागदात चौथ्या चित्राचा मोह होतो. तरी माझं ऐका, लांबी साडेसात फुटांवर आणा आणि पाऊण मीटरची पट्टी चाचण्यांसाठी बाजूला ठेवा. प्रत्येक नवा थर आधी त्या पट्टीवर, मग चित्रावर.

पोत कोल्ड प्रेसच घ्या, म्हणजे मध्यम खरखरीत. गुळगुळीत हॉट प्रेसवर कोळसा घसरतो. रफवर खतावणीचं पातळ पान खळग्यांत बसत नाही, खाली हवा राहते.

दुसरा मार्ग जोडकामाचा. याकडे लोक नाइलाज म्हणून पाहतात आणि ते मला पटत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात राफाएलची सात प्रचंड कार्टून्स आहेत. सिस्टीन चॅपेलसाठी विणायच्या टेपेस्ट्रींचे हे मूळ आराखडे, १५१५-१६ च्या सुमाराचे. उंची तीन मीटरच्या वर, काहींची रुंदी पाच मीटरहूनही जास्त. कोळशाचं रेखाटन, वर अपारदर्शक जलरंग, म्हणजे मिश्र माध्यमच. आणि एवढा मोठा कागद तेव्हा बनतच नव्हता. हातभर लांबीच्या शीट एकमेकींना चिकटवून तो तयार केला आहे. पुढे विणकरांनी सोयीसाठी त्यांच्या उभ्या पट्ट्या कापल्या, नंतर त्या पुन्हा जोडून कॅनव्हासवर चिकटवल्या गेल्या, आणि पाचशे वर्षांनी आपण ती चित्रं पाहतो आहोत. लंडनच्याच नॅशनल गॅलरीत लिओनार्दोचं कोळसा आणि पांढऱ्या खडूतलं मोठं कार्टून आहे, तेही आठ शीट जोडून. जवळ गेलं की जोड दिसतात. त्याने चित्राचं काहीही बिघडलेलं नाही.

तुमच्या मापाला हे कसं बसतं? इंपिरियल शीट २२ बाय ३० इंचांची. आडव्या दोन आणि उभ्या चार अशा आठ शीट लावल्या की ६० बाय ८८ इंच होतात, म्हणजे पाच फूट बाय सात फूट चार इंच. तुमच्या आकाराच्या अगदी जवळ. आणि इथे तुम्ही ४०० काय, ६४० जीएसएमचा रॅगही घेऊ शकता, कारण गुंडाळायचंच नाही. आठ शीटांचं सपाट पाकीट कोकण रेल्वेत बर्थखाली जाईल. मुंबईत गेल्यावर आठही शीट मध्ये बोटभर जागा सोडून एकाच चौकटीत लावता येतात किंवा अगदी कडेला कडा भिडवून. खतावणीची पानं तर मुळातच आयतं रकान्यांचं जग आहे, तुमच्या विषयाला हा जाळीचा आकार शोभेल असं मला मनापासून वाटतं.

शीट कायमच्या जोडायच्या असतील तर कापलेल्या कडेवर कडा चढवू नका, ती पायरी कोळशात रेघ होऊन दिसते. जिथे जोड यायचा तिथे ओल्या ब्रशने रेघ ओढा, पाणी मुरू द्या आणि पट्टीच्या आधाराने कागद हाताने फाडा. कडा लव सुटलेली, उतरती येते. अशा दोन कडा अर्धा इंच एकमेकींवर घ्या, पातळ खळ लावा, वर सिलिकॉन पेपर आणि फळी ठेवून रात्रभर दाबा. जोडांत अर्धा-अर्धा इंच जातो, तो मापात धरा. मग पाठीमागे लोकता (नेपाळी) किंवा कोझो (जपानी) या पातळ हातकागदाचं अस्तर द्या आणि अस्तराचे जोड पुढच्या जोडांच्या रेषेत येऊ देऊ नका.

शीटसाठी आपल्याकडे उत्तम हातकागद आहे. पुण्याची हातकागद संस्था १९४० ची. पुदुचेरीच्या अरविंद आश्रमाचा, जयपूरजवळच्या सांगानेरचा हातकागदही चित्रकार वापरतात. पण भेटकार्डांसाठी बनलेला शोभेचा हातकागद आणि जलरंगासाठी साइझ दिलेला हातकागद यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. दिसायला दोन्ही तितकेच देखणे, थेंबाच्या परीक्षेत मात्र पहिला लगेच उघडा पडतो. मालिकेला लागणारा सगळा कागद एकाच घाण्यातला घ्या, वर पाचेक शीट जास्त. पुढच्या घाण्याची पांढरी छटा आणि शोषण हमखास वेगळं येतं.

आता तुमच्या चिकटवायच्या गोष्टी. खतावणीच्या पानांची मला जास्त काळजी आहे. जुन्नर-दौलताबादकडचा जुना हातकागद मोडी दफ्तरांत आजही मजबूत सापडतो. पण आजोबांच्या काळातल्या चोपड्या बहुधा गिरणीच्या कागदाच्या असतील. तो आम्लधर्मी असतो, घडीवर तुटतो आणि खालच्या चांगल्या कागदालाही तपकिरी करतो. शिवाय दुकानांत तेव्हा कॉपिंग पेन्सिल सर्रास वापरत. तिची करडी अक्षरं ओली झाली की भडक जांभळी होतात आणि पसरतात. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यातल्या एका अक्षराला ओल्या कापसाची काडी टेकवून पाहा. माझा सल्ला स्पष्ट आहे: मूळ पानं जपून ठेवा. ती चांगली स्कॅन करा आणि पिगमेंट शाईने पातळ लोकता किंवा कोझोवर छापून घ्या. असे छाप पाण्याने सुटत नाहीत, पातळ असल्यामुळे चित्रात विरघळून जातात, आणि आजोबांचं अक्षर घरात शाबूत राहतं. एखादं मूळ पान चित्रात असणंच महत्त्वाचं असेल तर ते सगळ्यात शेवटी, वॉश वाळल्यावर, कमीत कमी ओलाव्याने लावा.

लुगड्याचे तुकडे आधी गरम पाण्यात धुऊन कांजी पूर्ण काढा, वाळवा, इस्त्री करा. जे आखडायचं ते तेव्हाच आखडू दे. कापड चिकटवल्यावर आखडलं तर एवढा मोठा कागद त्याच्या बाजूने वाकतो. रंगवायचं असेल तर चिकटवण्याआधी रंगवा. मातिसने अखेरच्या वर्षांत केलेल्या कातरकामात हाच क्रम आहे: सहायक कागदावर ग्वॉश (अपारदर्शक जलरंग) देत, तो वाळे, मग मातिस कापे आणि जागा ठरवी. त्याचं १९५३ चं ‘द स्नेल’ नऊ फुटांहून मोठं आहे. तुमच्या कामात या क्रमाचा आणखी एक फायदा म्हणजे तुकड्याची हालचाल आधीच होऊन गेलेली असते.

चिकटवायला पातळ कागदासाठी मिथाइल सेल्युलोज, त्यात ताकदीपुरतं गव्हाचं स्टार्च. नुसती मैद्याची खळ कोकणात नको. कसर आणि झुरळं तिच्यावरच येतात. जुन्या वसलीच्या (लघुचित्रांसाठी थरांवर थर चिकटवून केलेल्या कागदाच्या) खळीत किड्यांसाठी मोरचूद घालत, पण ते विषारी आहे आणि तांबं कागदालाही मारक आहे, तेव्हा ती रीत उचलू नका. कापडाला अ‍ॅक्रिलिक जेल मीडियम. लाकूडकामाचा पांढरा गोंद अजिबात नको. तो काळाबरोबर आम्लधर्मी होतो आणि एकदा बसला की पाण्याने सुटत नाही.

पुढच्या बाजूला जड कोलाज आलं की पाठीलाही तोल हवा. पिंगुळीच्या चित्रकथीत (चित्रं दाखवत कथा सांगायच्या लोककलेत) दोन चित्रं पाठीला पाठ लावून चिकटवलेली असतात, त्यामुळे कागदाला दोन्हीकडून सारखी ओढ बसते. तुम्ही कोलाजच्या जागेमागे तेवढ्याच आकाराचा लोकताचा तुकडा त्याच खळीने लावा. वाकणं बरंचसं थांबेल.

कोळसा शेवटी पुन्हा येणार आहे, पण वाळलेल्या अ‍ॅक्रिलिकवर तो धरत नाही. जिथे लागणार तिथे मॅट मीडियममध्ये चिमूट-दोन चिमूट बारीक संगमरवरी भुकटी मिसळून पातळ हात द्या, पुरेसा खरखरीतपणा येतो. ऑइल पेस्टलही अशाच झाकलेल्या जागेवर चालवा, उघड्या कागदावर नाही. तेल तंतूत शिरून डाग पसरवतं, आणि ऑइल स्टिकसारखं जवसाचं तेल असलं तर पुढे कागद ठिसूळ होतो.

काम करायची भिंत. घर जांभ्या दगडाचं असेल तर भिंत पावसाळा संपल्यावरही ओल सोडत राहते. कागद थेट भिंतीला लावू नका. प्लायवूड आठ बाय चार फुटांत मिळतं, म्हणजे पाच फुटांना एक अख्खं आणि एक चिरलेलं लागेल. मागे इंचभर जाडीच्या पट्ट्या ठोकून ते भिंतीपासून सुटं ठेवा, हवा खेळली पाहिजे. प्लायला दोन हात अ‍ॅक्रिलिक वार्निश द्या, नाहीतर लाकडाचा पिवळा अर्क ओल्या कागदात उतरतो. आठ फुटांच्या कागदाला चारी बाजूंनी गमटेप लावून ताणायच्या भानगडीत पडू नका. वाळताना इतका ताण येतो की टेप सुटते किंवा कागद कडेला फाटतो. वरची कड घट्ट धरा, बाजूंना सैल क्लिपा, खालची कड मोकळी. लाटा येतील, येऊ देत. काम संपल्यावर पाठ हलकी ओली करून, दोन्हीकडे जाड टिपकागद ठेवून, फळ्यांच्या वजनाखाली आठवडाभर ठेवलं की बहुतेक बसतात. मोकळा कोळसा असलेलं चित्र मात्र त्याआधी फिक्सेटिव्हने बांधा, आणि फवारणी अंगणात करा, बंद खोलीत नाही.

चौकटीचं आधी का बोलायचं ते आकड्यांत पाहा. पाच बाय आठ फुटांना चार मिलिमीटरची काच लावली तर नुसत्या काचेचं वजन ३७ किलो. तेवढ्याच जाडीची अ‍ॅक्रिलिक शीट १८ किलोच्या आसपास, पण तिच्यात स्थिर वीज साठते आणि ती कोळशाची भुकटी ओढून घेते. आठ शीटांची जाळी केलीत तर प्रत्येक शीटला वेगळी लहान काच परवडते. एकसंध चित्राला मी काच न लावता कॅनव्हासवर अस्तर करून ताणणं, किंवा वरच्या कडेला मागे लोखंडी पट्टी आणि पुढून छोटी चुंबकं लावून मोकळं टांगणं सुचवेन. मुंबईच्या गॅलरीला यातलं काय चालतं ते आताच विचारून घ्या.

गुंडाळून नेताना निदान सहा इंच व्यासाची नळी, जास्त असेल तर उत्तम. पीव्हीसी असेल तर तिच्यावर आधी आम्लरहित कागद गुंडाळा. चित्राची बाजू बाहेर ठेवा, वर सिलिकॉन पेपर. बबल रॅप रंगाला टेकू देऊ नका. उन्हाळ्यात टेम्पोत अ‍ॅक्रिलिक मऊ होतं आणि बुडबुड्यांचे गोल ठसे कायमचे उमटतात.

तर नावं. पहिली दोन चित्रं, ज्यांत वॉश आणि कोळसा जास्त आहे, ती वॉटरफर्डच्या १५२ सेंटिमीटर रोलवर करा, ३०० जीएसएम, कोल्ड प्रेस. तो मिळाला नाही तर आर्टिस्टिको. कापड आणि खतावणी जड असलेली दोन चित्रं ४०० जीएसएमच्या वरच्या, जलरंगासाठी साइझ दिलेल्या रॅग हातकागदाच्या आठ-आठ शीटांवर. दोन्हीचे फूटभर नमुने आधी मागवा आणि वरची भिजवण्याची परीक्षा घ्या. पाच फुटांना वाढ एक इंचाच्या वर जाते असं दिसलं, तर त्या कागदावर मोठे वॉश न टाकता ते लहान भागांत घ्या. रोल घरी आला की आडवा ठेवा, जमिनीपासून वर, वाळवी लागत नाही अशा लोखंडी मांडणीवर. कापलेला तुकडा कामाला घेण्याआधी दोन दिवस उलट्या बाजूने सैल गुंडाळून ठेवलात तर त्याची वळायची सवय मोडते आणि भिंतीवर तो सरळ उतरतो.